फोन कुणाचा, बोलतंय कोण

दुपारी तीनच्या सुमारास दुसरा हेडफोन लावून मी एका मुलीशेजारी बसले होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका पतसंस्थेचा तो मदतकक्ष. बारा खुर्च्या, बारा संगणक आणि आठवड्यापूर्वीच मी तिथे बसवून दिलेली स्क्रिप्ट. फोन वाजला. मुलीने उचलायच्या आतच पडद्यावर खातेदाराचं नाव, शाखा, कर्जाचा थकलेला हप्ता, मागच्या तक्रारीची तारीख असं सगळं उमटलं. मला मनातून फार बरं वाटलं. मुलीने पडद्यावरचं नाव वाचलं, त्याला ‘साहेब’ जोडलं आणि म्हणाली, ‘नमस्कार, बोला.’ पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग एक बाई म्हणाल्या, ‘ते गेले. दोन महिने झाले. त्याचंच विचारायला फोन केलाय.’

त्या कॉलमध्ये यंत्राची काही चूक नव्हती. नंबर बरोबर आला होता, खातं बरोबर सापडलं होतं, माहिती वेळेत पोचली होती. फोन कुणाच्या नावावर आहे आणि फोनवर कोण बोलतंय, हे दोन वेगळे प्रश्न मी एकच धरून चालले होते. स्क्रिप्टची पहिली ओळ लिहिण्याआधी कागदावर बसून जे ठरवायचं असतं ते मी ठरवलंच नव्हतं. हे पुस्तक त्या कागदावरच्या कामाबद्दल आहे.

आधी एका शब्दाचा घोळ निस्तरते. ‘कॉल मॉनिटरिंग’ म्हटलं की कॉल सेंटरमध्ये काम केलेल्या कुणालाही टीम लीडर आठवतो. तो एजंटच्या नकळत कॉल ऐकतो, कानात कुजबुजून सूचना देतो, महिनाअखेरीला गुण देतो. ते काम महत्त्वाचं आहे, पण या पुस्तकाचा विषय तो नाही. इथे मॉनिटरिंग म्हणजे एका प्रोग्रामने टेलिफोन यंत्रणेवर ठेवलेलं लक्ष. नवा कॉल आला, रांगेत लागला, अमक्या एजंटकडे वाजू लागला, उचलला गेला, होल्डवर गेला, दुसऱ्याकडे दिला गेला, ठेवला गेला, अशा प्रत्येक टप्प्यावर यंत्रणा एक बारीकशी वर्दी देत असते. स्क्रिप्ट ती वर्दी ऐकते, कॉलरचा नंबर उचलते, ग्राहकांच्या नोंदींत शोधते आणि जे सापडेल ते नेमक्या एजंटच्या पडद्यावर नेऊन ठेवते. फ्लोअरवर याला ‘पॉप’ म्हणतात. ‘तुला पॉप आला का गं?’ हा प्रश्न तिथे दिवसातून दहा वेळा ऐकू येतो.

हे सगळं किती वेळात व्हायला हवं? आपल्याकडे फोन लावणाऱ्याला जी रिंग ऐकू येते, तिच्यात दोन छोटे ठोके असतात आणि मग दोन सेकंदांची शांतता. पूर्ण फेरा तीन सेकंदांचा. चपळ एजंट पहिल्याच फेऱ्यात फोन उचलते. म्हणजे वर्दी ऐकणं, नंबर नीट करणं, शोधणं, निवडणं आणि मांडणं या पाच कामांना मिळून तीन सेकंद, आणि त्यातलाही शेवटचा एक सेकंद एजंटच्या डोळ्यांसाठी राखून ठेवायचा.

या विषयाची सुरुवात गर्दीच्या हिशेबाने झाली. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये टेलिफोनच्या रहदारीवर पहिला निबंध लिहिला आणि १९१७ मध्ये, किती लाइनी असल्या तर किती लोक अडकतील, किती वेळ ताटकळतील, याची सूत्रं मांडली. आजही कॉल सेंटरमध्ये खुर्च्या किती लागतील हे त्याच सूत्रांवरून काढतात. पुढची मोठी पायरी म्हणजे येणारा कॉल आपोआप मोकळ्या एजंटकडे पाठवणारं यंत्र. रॉकवेल कंपनीने १९७३ मध्ये कॉन्टिनेंटल एअरलाइन्ससाठी बनवलेलं ‘गॅलेक्सी’ हे त्यातलं सर्वांत गाजलेलं. या यंत्राला कॉल कुणाकडे द्यायचा ते कळत होतं. कॉल कुणाचा आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

ती दुसरी गरज आधी भासली ती विमान कंपन्यांना नव्हे, आपत्कालीन सेवांना. अमेरिकेत ९११ या क्रमांकावरचा पहिला कॉल १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातल्या हेलीव्हिल या छोट्या गावात लागला. पण घर पेटलेला माणूस पत्ता सांगायच्या आत फोन टाकून पळतो. म्हणून पुढच्या पिढीच्या ९११ यंत्रणेत फोनचा नंबर आणि त्या नंबराचा नोंदलेला पत्ता आपोआप उत्तर देणाऱ्याच्या पडद्यावर येऊ लागला. आजच्या पॉपचा खरा पूर्वज हाच, असं मला वाटतं. जीव वाचवण्यासाठी घातलेली ही वाट पुढे बँका, विमा कंपन्या आणि पिझ्झावाल्यांनी वापरली. त्या वाटेवरून जाताना पत्ता सोबत गेला, निकड मागे राहिली. परिणामी गरज नसलेली माहितीही दाखवायची सवय या धंद्याला लागली. माझी त्या दुपारची चूक याच सवयीतून आली होती.

व्यापारी जगात हे शक्य झालं ते आयएसडीएन ही डिजिटल टेलिफोन सेवा आल्यावर. आपल्याकडच्या जुन्या लोकांना तिच्यातली पीआरआय लाइन आठवत असेल. एका तारेवर ३० कॉल, आणि सोबत फक्त संकेतांसाठी राखलेली एक वेगळी वाहिनी. कॉलचा आवाज यायच्या आधी कॉलरचा नंबर त्या वाहिनीतून येऊन पोचायचा. साध्या तांब्याच्या तारेवर मात्र देशोदेशी वेगवेगळे प्रकार होते. नंबर कुठे पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधे यायचा, कुठे रिंग वाजायच्या आधीच. एका खुल्या टेलिफोन प्रणालीत तर नुसत्या भारतातल्या तारांसाठी वेगळी सेटिंग घालावी लागली. ती ठाऊक नसल्यामुळे ‘नंबरच दिसत नाही’ म्हणत दिवसचे दिवस घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

नंबर हाती आला तरी टेलिफोनची यंत्रणा आणि संगणक यांची बोलण्याची भाषा एक नव्हती. ती ठरवण्याचे प्रयत्न १९९० च्या दशकात झाले आणि तिथेच या विषयात दोन घराणी पडली. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी १९९३ मध्ये आणलेल्या टॅपीचा मूळ विचार एजंटच्या टेबलापासून सुरू होत होता: ज्याचा फोन, त्याचाच संगणक त्याच्यावर लक्ष ठेवील. एटी अँड टी आणि नोव्हेल यांच्या टीसॅपीचा विचार उलटा होता. मधे एक सर्व्हर ठेवा, तो सगळ्या फोनांच्या वर्द्या एकाच जागी ऐकेल आणि ज्याचं त्याला वाटून देईल. युरोपातल्या एकमा या मानक संस्थेने १९९२ मध्ये काढलेलं सीएसटीए हे मानकही याच दुसऱ्या बाजूचं. टेबलाच्या बाजूचं काम सुटसुटीत आणि स्वस्त असतं, पण कॉल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला की त्याचा मागचा इतिहास तुटतो. मधल्या सर्व्हरला सगळं दिसतं, पण तो बंद पडला की सगळा फ्लोअर आंधळा होतो. हे भांडण आजही मिटलेलं नाही, फक्त नावं बदलली आहेत.

माझ्या पिढीच्या शिकाऊ लोकांसाठी दार उघडलं ते ॲस्टेरिस्कने. मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याला स्वतःच्या छोट्या कंपनीसाठी टेलिफोन एक्स्चेंज हवं होतं आणि विकत घेणं परवडत नव्हतं. म्हणून त्याने १९९९ मध्ये स्वतःच लिहायला घेतलं आणि ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. ॲस्टेरिस्कचा ५०३८ क्रमांकाचा पोर्ट उघडला की सगळ्या वर्द्या साध्या वाचता येण्याजोग्या मजकुरात समोर वाहू लागतात. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी रात्री दोनपर्यंत स्वतःच्याच मोबाइलवरून स्वतःला फोन लावत बसले होते. ज्या गोष्टीसाठी आधी लाखो रुपयांचं यंत्र आणि परदेशी इंजिनिअर लागत, ती जुन्या संगणकावर घरी शिकता येऊ लागली. पुढे अँथनी मिनेसाल यांचं फ्रीस्विच आलं, त्याचीही अशीच वर्द्यांची खिडकी आहे.

इथे एका तपशिलापाशी थांबते, कारण नियोजन म्हणजे काय हे त्यातून सर्वांत लवकर समजतं. समजा, कॉल रांगेत लागला आणि यंत्रणेने तो एकदम पाच एजंटांकडे वाजवला, जो आधी उचलेल त्याचा. अशा वेळी ‘एजंटला बोलावलं’ ही वर्दी पाच वेळा येते आणि ‘एजंट जोडला गेला’ ही एकदाच. स्क्रिप्ट पहिल्या वर्दीवर पॉप दाखवत असेल तर एका माणसाची खाजगी माहिती पाच पडद्यांवर उमटते आणि त्यातल्या चौघांचा त्या कॉलशी काही संबंध नसतो. दुसऱ्या वर्दीवर दाखवत असेल तर गोपनीयता राहते, पण एजंट ‘नमस्कार’ म्हणेपर्यंत पडदा कोराच असतो. यावर माझा तोडगा असा: वाजताना फक्त विषय दाखवावा, ‘कर्ज, सांगली शाखा, आज दुसऱ्यांदा फोन’ एवढाच; नाव आणि हिशेब उचलल्यावर. हे कुठल्याही सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेत मिळणार नाही. ते संस्थेतल्या माणसांनी बसून ठरवायचं असतं, आणि एकदा ठरलं की लिहायला दहा ओळी पुरतात.

कॉल ट्रान्सफर झाल्यावर काय, हाही असाच प्रश्न. ‘मी आत्ताच सगळं सांगितलं ना त्या ताईंना!’ हे वाक्य कुणी उच्चारलं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. प्रत्येक कॉलला यंत्रणा एक ओळखक्रमांक देते. कॉल दुसरीकडे गेला की नवा तुकडा तयार होतो आणि त्याला नवा क्रमांक मिळतो. या सगळ्या तुकड्यांना एकत्र बांधणारा क्रमांक ॲस्टेरिस्कमध्ये वेगळा असतो. नवशिके पहिल्या क्रमांकाला धरून बसतात, म्हणून दुसऱ्या एजंटचा पडदा रिकामा राहतो आणि कॉलरला आपली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते.

याला धरूनच आजच्या काळातली दोन मतं आहेत. एक म्हणतं, माहिती कॉलच्या सोबतच बांधून पाठवा; इंटरनेटवरच्या कॉलमध्ये तशी जागा असते. दुसरं म्हणतं, कॉलसोबत फक्त एक चिठ्ठी पाठवा आणि माहिती तिच्या जागीच राहू द्या. ज्याला हक्क आहे तो चिठ्ठी दाखवून ती उघडेल. मी दुसऱ्या मताची आहे. कॉलसोबत गेलेली माहिती वाटेतल्या प्रत्येक यंत्राच्या नोंदवहीत उतरते आणि तिथून ती कुणी पुसत नाही. आता कॉल सेंटर भाड्याने क्लाउडवर मिळतं आणि वर्द्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून आपल्याकडे येतात, तेव्हा तर चिठ्ठीचा आग्रह अधिकच धरायला हवा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र या कुठल्याच थोर प्रश्नात जात नाही. तो जातो नंबर लिहिण्याच्या पद्धतींत. एकच मोबाइल नंबर कुठे +९१ लावून येतो, कुठे शून्य लावून, कुठे नुसते दहा आकडे. पुण्याचा लँडलाइन ०२० नंतर आठ आकड्यांचा, कोल्हापूरचा ०२३१ नंतर सात. ग्राहकांची यादी कुणीतरी एक्सेलमध्ये ठेवलेली असते. एक्सेलला तो नंबर म्हणजे संख्या वाटते, म्हणून पुढचं शून्य ते खाऊन टाकतं आणि बारा आकड्यांचा नंबर ९.१९ई+११ असा आखडून दाखवतं. तशीच फाइल सीएसव्ही करून जतन केली की शेकडो ग्राहकांचे नंबर कायमचे गेले. ज्यांना हा विषय शिकायचा आहे त्यांनी सर्व्हरला हात लावण्याआधी आठवडाभर फक्त नंबर साफ करावेत, असं मी प्रत्येकाला सांगते.

नावांचंही तेच. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या नोंदी रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांत आहेत. तिथून वाचणाऱ्या एजंटला आडनाव दांडे आहे, दंडे आहे की डांडे, हे कळायला मार्ग नाही. आपलं आडनाव चुकीचं घेतलं गेलं की मराठी माणूस अर्धा मिनिट त्याच दुरुस्तीत घालवतो, आणि त्याचं चूक नसतं. नोंदीत देवनागरी नावाचा एक रकाना वाढवणं हे अवघं एका दुपारचं काम आहे. ते करायला मी कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात, केल्यावर मात्र कुणी तो रकाना काढत नाही.

हे सगळं आत्ताच का लिहावंसं वाटलं? ब्रिटिश एअरवेजने १९९६ मध्ये मुंबईत काढलेल्या विभागातून डब्ल्यूएनएस ही आउटसोर्सिंग कंपनी उभी राहिली. त्या काळात भारतातलं कॉल सेंटर म्हणजे रात्रपाळी, इंग्रजी आणि सातासमुद्रापलीकडचा ग्राहक. आता मदतीचा फोन आपल्याच लोकांचा, आपल्याच भाषेत येतो: दूध संघ, जिल्हा बँक, रुग्णालय, महापालिका, वीज. २१ जानेवारी २००४ रोजी सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरवर शेतकरी मराठीत फवारणीचं विचारतो. या नव्या मदतकक्षांपाशी मोठ्या कंपन्यांसारखे सल्लागार नाहीत. तिथे संगणक विभागात एखादा डिप्लोमा झालेला मुलगा असतो, त्यानेच सगळं बघायचं.

आणि कायदाही आता आला आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, हे तत्त्व स्पष्ट केलं. पडद्यावर काय दाखवायचं, हा आता नुसत्या सोयीचा प्रश्न उरलेला नाही. कार्डाच्या पाठीवरचे तीन आकडे तर व्यवहार मंजूर झाल्यावर कुठेही साठवायचे नाहीत, ध्वनिमुद्रणातही नाहीत, असा कार्ड उद्योगाचा नियम आहे. म्हणजे ग्राहक ते आकडे सांगू लागला की रेकॉर्डिंग थांबवण्याची सोयही स्क्रिप्टमध्ये आधीच विचारात घ्यायला हवी.

शिवाय नंबर तरी कायमचा कुठे असतो? बंद झालेला मोबाइल नंबर निदान ९० दिवस थांबून दुसऱ्याला दिला जातो. तीन महिन्यांपूर्वी जो नंबर खातेदाराच्या सुनेचा होता तो आज परक्या माणसाचा असू शकतो. खेड्यात एक फोन अख्खं घर वापरतं. १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने १०९८ ही मुलांची हेल्पलाइन सुरू झाली, तेव्हा मोबाइल घरोघरी नव्हते आणि रस्त्यावरचं मूल सार्वजनिक फोनवरूनच बोलणार होतं. तिथे नंबरावरून मूल ओळखायची सोयच नव्हती; ऐकणाऱ्याला ते त्याच्या बोलण्यावरून, धीराने ओळखावं लागे. आज बोलणं ऐकता ऐकता त्याचा मजकूर करून एजंटला उत्तरं सुचवणारी यंत्रं आली आहेत. पडद्यावर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त गर्दी झाली आहे. ती गर्दी कमी करणं हे यापुढचं कौशल्य आहे, आणि त्यासाठी फार थोडे लोक तयार होत आहेत याची मला मनापासून काळजी वाटते.

या पुस्तकाचा आवाका मी मुद्दाम लहान ठेवला आहे. ग्राहकाला स्वतःहून फोन लावणाऱ्या डायलरबद्दल इथे काही नाही. कुठल्या कंपनीचं उत्पादन घ्यावं हेही नाही. उदाहरणं ॲस्टेरिस्कवर आहेत, कारण ते फुकट आहे आणि आत काय चाललंय ते लपवत नाही. स्क्रिप्ट पायथॉनमध्ये आहेत, पण प्रत्येक स्क्रिप्टच्या आधी तिचा आराखडा साध्या मराठीत लिहिला आहे: कुठली वर्दी ऐकायची, कुठली सोडून द्यायची, नोंद सापडली नाही तर काय, दोन सापडल्या तर काय, सर्व्हर उत्तर देईना तर एजंटला काय दिसेल. ज्यांना प्रोग्राम लिहिता येत नाही त्यांनी नुसते आराखडे वाचले तरी चालेल. मदतकक्षाच्या व्यवस्थापकांनी तर ते वाचावेतच, कारण त्यातले निम्मे निर्णय त्यांचे आहेत. करून बघण्यासाठी एक जुना संगणक आणि दोन मोबाइल पुरतात.

त्या पतसंस्थेतला पडदा आम्ही पुढच्याच आठवड्यात बदलला. सूचना त्या मुलीचीच होती. तिने कागदावर चौकट काढून दाखवली: वर फक्त शाखा आणि कामाचा प्रकार, खाली ‘या नंबराशी जोडलेली खाती’, आणि नाव एका बटणामागे झाकलेलं. ‘मी आधी विचारते, कोण बोलताय म्हणून,’ ती म्हणाली, ‘त्यांनी सांगितलं की मगच मी ते उघडते.’ मी त्या चौकटीत फक्त एक रकाना घातला, ‘बोलणाऱ्याचं खातेदाराशी नातं’, आणि तो रिकामा ठेवून एजंटला पुढे जाता येणार नाही अशी सोय केली. तो कागद माझ्याकडे अजून आहे. या पुस्तकातल्या पहिल्या आराखड्याची आकृती त्यावरूनच काढली आहे.